केशरंजन आणि सत्य

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर उरुळी कांचन मागे पडले, सहजपूर गेले आणि यवतची वस्ती अजून दृष्टीस पडावयाची आहे, अशा ठिकाणी दौंड तालुक्यातले कासुर्डी हे गाव आहे. बाहेरच्या प्रवाशास त्याचे नाव ठाऊक झाले ते टोलनाक्यामुळे. वारकऱ्यास मात्र ते पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, कारण तुकोबारायांची पालखी लोणी काळभोरचा मुक्काम हलवून यवतच्या मुक्कामास निघते ती याच वाटेने. कालव्याचे पाणी, ऊस, कांदा आणि आसपासच्या गुऱ्हाळांचा गोड धूर, एवढ्यात ज्याचे वर्ष सरते अशा गावात तत्त्वज्ञानाचा प्रश्न सहसा पोथीतून उद्भवत नाही. तो कोणाच्या तरी घरातल्या साध्या गोष्टीतून उद्भवतो आणि देवळाच्या ओट्यावर येऊन बसतो. गेल्या चैत्रात आमच्या थोरल्या वहिनींनी, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, नातवाच्या लग्नाच्या निमित्ताने केस रंगवून घेतले, आणि त्या संध्याकाळी मारुतीच्या ओट्यावर असाच एक प्रश्न येऊन बसला.

प्रश्न घातला तो गावातल्या एका वृद्ध माळकऱ्यांनी. त्यांना सारे आबा म्हणतात. एकादशी चुकवीत नाहीत आणि कोणाचे वाईट चिंतीत नाहीत, असा त्यांचा लौकिक. ते म्हणाले, “गुरुजी, पांढरा केस म्हंजे वरनं आल्याली नोटीस. नोटिशीवर शाई फासली म्हणून तारीख टळती व्हय?” ओट्यावर हशा पिकला, मीही हसलो, पण घरी परतताना माझ्या ध्यानात आले की आबांच्या वाक्याला आपल्यापाशी उत्तर नाही, आणि ज्या वाक्याला उत्तर नाही ते हसण्यावारी नेणे शिक्षकाच्या पेशास शोभत नाही. शिवाय त्या हशामध्ये आणखी एक आक्षेप होता, जो कोणी उच्चारला नाही आणि सर्वांना ऐकू आला: आमचे थोरले बंधू जाऊन अकरा वर्षे झाली आहेत. तेव्हा मामला दुहेरी होता. केस रंगविणे हे असत्याचरण आहे काय, हा एक भाग. आणि विधवेने ते करावे काय, हा दुसरा. पहिला तत्त्वज्ञानाचा दिसतो आणि दुसरा रूढीचा. पण दोहोंची मुळे एकाच मातीत आहेत, असे मला पुढे दिसून आले.

आबांचा पक्ष दुर्बळ नाही, हे प्रथम कबूल केले पाहिजे. पलित, म्हणजे केसांचे पिकणे, ही काळाची सूचना होय, अशी समजूत आपल्या परंपरेत फार जुनी आहे. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात गृहस्थाने वनाची वाट केव्हा धरावी याची जी खूण सांगितली आहे, तीत अंगावरच्या सुरकुत्या आणि डोक्यावरचे पांढरे केस यांचा उल्लेख आहे, आणि नातवाचे मुख पाहिले की मुदत भरली असे समजावे, असा त्याचा आशय. कालिदासाने रघुवंशाच्या बाराव्या सर्गात दशरथाच्या कानाशी पिकलेल्या केसाच्या मिषाने जराच येऊन बसविली आहे आणि तिच्याकडून, राज्यलक्ष्मी आता रामाच्या स्वाधीन कर, असे त्याच्या कानात सांगविले आहे. ती हळूच बोलते, जणू कैकेयी ऐकेल अशी तिला धास्ती आहे. पाली जातककथांतला मखादेव राजा तर याहून सावध. त्याने आपल्या नापिताला आगाऊ हुकूमच देऊन ठेवला होता की डोक्यात पहिला पांढरा केस दिसेल त्या दिवशी मला सांग; आणि तो दिवस उगवला तेव्हा नापिताने सोन्याच्या चिमट्याने तो केस उपटून राजाच्या तळहातावर ठेवला. राजाने ज्येष्ठ पुत्रास राज्य दिले, नापितास उत्तम उत्पन्नाचे गाव इनाम दिले आणि स्वतः प्रव्रज्या घेतली. अप्रिय सत्य सांगितल्याबद्दल गाव इनाम मिळाल्याची दुसरी हकीकत माझ्या वाचनात नाही.

तथापि परंपरा ही एकाच वकिलाची कैफियत नसते. ज्या मनुस्मृतीने पलित ही वनवासाची खूण मानली, तीच दुसऱ्या अध्यायात सांगते की डोके पांढरे झाल्याने कोणी वृद्ध होत नाही, तरुण असून ज्याने अध्ययन केले त्यालाच देव वृद्ध समजतात. आणि धम्मपदातही हाच विचार थेरांविषयी, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूंविषयी, आला आहे. केसाचा रंग हा ज्ञानाचा दाखला नव्हे, इतके यातून निष्पन्न होते. मग तो रंग बदलल्याने ज्ञानाची हानी ती कोणती? सहाव्या शतकातला वराहमिहिर तर याहून पुष्कळ पुढे गेला आहे. ग्रहनक्षत्रे, पर्जन्य, भूगर्भातील पाणी यांचा विचार करणाऱ्या आपल्या बृहत्संहितेत त्याने गंधयुक्तीचे, म्हणजे सुगंधी द्रव्ये सिद्ध करण्याच्या कलेचे, प्रकरण घातले आणि त्याचा आरंभच केशरंजनापासून केला. डोके पांढरे असले म्हणजे माळा, वस्त्रे, अलंकार काहीच शोभत नाही, म्हणून काजळ घालावे तितक्याच सहजपणे केसांना रंग लावावा, असे त्याचे म्हणणे. मग कृती येते: कोद्रूचे तांदूळ आंबट कांजीत, लोखंडाच्या भांड्यात, लोहचूर्णासह शिजवावेत, बारीक वाटून डोक्यास लावावेत, वर ओली पाने बांधावीत, दोन प्रहरांनी तो लेप काढून आवळ्याचा लेप द्यावा, पुन्हा पाने, पुन्हा दोन प्रहर, मग धुवावे. एवढ्यावर तो थांबत नाही, तर लोखंडाचा आणि आंबटाचा वास जावा म्हणून सुगंधी स्नान आणि तेले यांचीही तजवीज सांगतो. रंग लावून मोकळे होता येत नाही, पुढची निगाही सांगावी लागते, हे त्या ज्योतिष्यास पक्के ठाऊक होते. आणि हा सगळा खटाटोप त्याने सांगितला आहे तो राजाकरिता, अंतःपुरात सुखाने कालक्रमणा करता यावी म्हणून. त्यात पापाची, लपंडावाची किंवा संकोचाची छटाही नाही.

येथे प्रश्नाची दुसरी बाजू उघडी पडते. राजाने केस काळे केले तर ते शास्त्र. मग त्याच समाजात स्त्रीच्या केसांचे काय झाले? कासुर्डीहून सोलापूरच्याच दिशेने आणखी पुढे गेले की केडगाव लागते, आणि तेथे पंडिता रमाबाईंचे मुक्तिसदन आहे. 1858 साली जन्मलेल्या आणि 1882 साली विधवा झालेल्या या विदुषीने 1889 च्या मार्चमध्ये मुंबईस शारदा सदन काढले, पुढच्या वर्षी ते पुण्यास आणले, आणि 1896-97 च्या दुष्काळात निराधार झालेल्या स्त्रिया व मुली यांना घेऊन ती केडगावच्या माळावर स्थिर झाली. 1922 साली तिचा देह पडला तोही तेथेच. तिच्या धर्मांतरावरून आपल्याकडे जो वाद माजला त्यात मी शिरत नाही. पण त्या काळात पती वारल्याबरोबर घरातल्या पोरसवदा मुलीला न्हाव्यापुढे बसवून तिचे केस उतरविणे हा धर्म समजला जाई, आणि शारदा सदनात आलेल्या विधवेचे केस पुन्हा वाढणे हीच बाहेरच्या जगास बंडाची द्वाही वाटे, ही गोष्ट विसरता येत नाही. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो!’ या कादंबरीचा शेवटचा घाव हे केस उतरविणेच आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रेरणेने 1890 साली मुंबईच्या नाभिकांनी सभा भरवून ठराव केला की विधवांच्या डोक्यावर आम्ही वस्तरा चालविणार नाही. शास्त्र्यांची खलबते ज्या प्रश्नावर वर्षानुवर्षे चालली, त्याचा निकाल ज्यांच्या हाती हत्यार होते त्यांनी आपल्यापुरता एका बैठकीत लावून टाकला. मखादेवाच्या नापिताइतकाच हाही सन्मान्य प्रसंग आहे, फक्त या वेळी इनाम देणारा कोणी राजा नव्हता.

केशवपनाची चाल मुख्यतः ब्राह्मण घरांतली आणि त्यांचे अनुकरण करणाऱ्या घरांतली. आमच्यासारख्या शेतकऱ्याच्या घरात वस्तरा आला नाही, हे खरे. परंतु जे तेथे वस्तऱ्याने झाले ते आमच्याकडे नजरेने झाले. कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, रंगीत लुगडे पेटीत जाणे, हळदीकुंकवाच्या दिवशी मागल्या दाराने शेतावर जाणे, ही त्याच कायद्याची सौम्य कलमे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाच्या ग्रामसभेने 4 मे 2022 रोजी या चाली बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनीही तोच कित्ता गिरवावा असे परिपत्रक काढले. म्हणजे रमाबाईंच्या निधनानंतर पूर्ण शंभर वर्षांनी हा विषय सरकारी दप्तरात दाखल झाला. ओट्यावरच्या त्या हशाचे मूळ माझ्या मते येथे आहे. स्त्रीच्या डोक्यावरचा केस हा तिचा नसून तो घराचा, कुळाचा, मयत नवऱ्याचा, शेवटी गावाचा आहे, अशी एक जुनी वहिवाट आपल्या मनाच्या सातबाऱ्यावर अजून नोंदलेली आहे, आणि तिचा फेरफार व्हावयाचा राहून गेला आहे.

यावर कोणी म्हणेल की स्त्रीचा हक्क मान्य, परंतु निसर्गाने दिले ते तसेच ठेवावे, यात श्रेय अधिक नाही काय? हा आक्षेप दुसऱ्या दिशेने येतो, आणि योगायोग असा की ती दिशाही आमच्या शेजारचीच आहे. कासुर्डीच्या पश्चिमेस उरुळी कांचन येथे 1946 साली महात्मा गांधींनी निसर्गोपचाराचे कार्य सुरू केले आणि मणिभाई देसाई यांनी तो आश्रम वाढविला. माती, पाणी, ऊन, उपवास आणि रामनाम यांवर देह सोपवावा, ही त्यांची निष्ठा. तीत रसायनाच्या नळीला जागा नाही, हे उघड आहे. त्या निष्ठेविषयी मला आदर आहे. परंतु ‘निसर्गोपचार’ या शब्दातच उपचार आहे, याचाही विसर पडू नये. पोटावर ठेवलेली मातीची पट्टी आपण होऊन तेथे येऊन बसत नाही. कोणीतरी ती माती चाळते, भिजविते, वेळ लावून काढते. तेल लावणे, विंचरणे, वेणी घालणे, कापणे, यांतले निसर्गतः काहीच होत नाही. मनुष्य आपल्या देहाशी जे जे करतो ते सर्व संस्कारच आहे. संस्कार करावा की न करावा असा पर्याय त्याच्यापुढे नाही, कोणता करावा आणि तो किती जबाबदारीने सांभाळावा, एवढाच आहे. उरुळी आणि केडगाव यांच्या मधोमध आमचे गाव आहे, आणि देहाविषयीची ही दोन मते, तो निसर्गाच्या स्वाधीन करावा हे एक आणि तो ज्याचा त्याच्या स्वाधीन असावा हे दुसरे, यांच्या मधोमध आम्ही गावकरीही आहोत.

राहिला असत्याचा मुद्दा. असत्य ठरण्यास केवळ रूप वेगळे दिसणे पुरत नाही. त्या रूपाने कोणाची तरी फसवणूक व्हावी लागते आणि ती व्हावी असा हेतूही लागतो. आमच्या वहिनींचे वय कोणापासून लपले आहे? बंधूंच्या मागे वारसनोंद झाली तेव्हा ते तलाठ्याच्या दप्तरात आले, 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने घरातली ज्येष्ठ स्त्री हीच कुटुंबप्रमुख ठरल्यामुळे ते रेशनकार्डावर पहिल्या ओळीत आहे, मतदारयादीत आहे, आणि ज्या नातवाच्या लग्नाकरिता हा रंग लागला तो सहा फुटांचा नातू हीच त्यांच्या वयाची चालती-बोलती सनद आहे. केस रंगवून जन्मतारीख खोटी सांगणारा, स्थळ पाहताना चाळिशीचा तिशीत बसणारा मनुष्य असत्याचा अपराधी आहे यात वाद नाही. पण त्याचा अपराध जिभेचा आहे, केसाचा नव्हे. पांढऱ्या केसाची धास्ती विकून पोट भरणाऱ्या जाहिराती आहेत, आणि त्या धास्तीपोटी जो रंग लावतो तो रंगाचा गुलाम होतो, हेही मला मान्य आहे. परंतु गुलामी आणि हौस यांतला फरक डोक्याकडे पाहून कळत नाही. त्याकरिता ते डोके सांभाळण्याची रीत पाहावी लागते. ती रीत पाहण्याचा योग मला आला तो असा.

लग्नाच्या आठवडाभर आधी वहिनींना सोबत म्हणून मी फाट्यावरच्या ब्यूटी पार्लरपर्यंत गेलो. चालविणारी बाई नाभिकाच्या घरची सून. सासरे एकेकाळी बलुत्यावर गावची हजामत करीत, ही पुण्यास राहून काम शिकून आली. मला पाहताच तिने खुर्ची पुढे सरकविली आणि म्हणाली, “बसा गुरुजी, पण आज रंग लावायचा न्हाई. आज नुसतं कानामागं ठिपका. दोन दिसांनी या.” मिश्रणाचा एक ठिपका कानामागे लावून अठ्ठेचाळीस तास वाट पाहावयाची, खाज, लाली किंवा सूज आली तर तो रंग त्या डोक्यास वर्ज्य समजावयाचा, ही तिची पहिली अट होती आणि त्यात सवलत नव्हती. बाजारातल्या ‘काळ्या मेंदी’च्या पुडीने कपाळ आणि डोळे सुजून आलेली एक बाई तिने पाहिली होती, मेंदीचे पान केसाला तांबूस रंग देते, काळा कधीच देत नाही, तेव्हा पुडीतली मेंदी काळी असेल तर तिच्यात दुसरे काही मिसळलेले आहे, एवढा तर्क ती प्रत्येक गिऱ्हाइकास समजावून देते. ते दुसरे काही म्हणजे बहुधा पॅराफेनिलिनडायअमाइन, ज्याला त्या धंद्यात नुसते पीपीडी म्हणतात. तिच्या नळीतल्या रंगातही ते असते, हे तिने लपविले नाही. म्हणून तर तो ठिपका.

दोन दिवसांनी, कानामागची कातडी स्वच्छ आहे अशी खात्री करून, तिने कामास आरंभ केला. ठार काळा रंग तिने दिला नाही. गडद तपकिरी दिला, कारण ठार काळ्याखाली पांढरे मूळ उगवले की त्याची सीमा शेताच्या बांधासारखी स्पष्ट दिसते. वाटीत ब्रशने नळीतला रंग आणि डेव्हलपर घोटता घोटता तिने जे सांगितले त्याचा आशय माझ्या भाषेत असा. केसावर कौलांसारख्या एकावर एक बसलेल्या खवल्यांचे आवरण असते. रंगातला अमोनिया ती कौले उचलतो. हायड्रोजन पेरॉक्साइड आत शिरून केसाचा मूळचा रंग फिका करतो आणि आतच नव्या रंगाचे कण तयार करतो. हे कण एकमेकांस जोडले जाऊन मोठे होतात, म्हणून आल्या वाटेने त्यांना सहज परतता येत नाही. पण एकदा उचललेली कौले पहिल्यासारखी घट्ट बसत नाहीत, आणि पुढच्या सगळ्या निगेचे कारण हेच. मी विचारले, “हा रंग मुळापर्यंत का जात नाही?” ती हसून म्हणाली, “आवो गुरुजी, दिसतोय त्यो केस मेल्यालाच असतोय. जित्ता हाय त्यो कातड्याखाली. तिथं आपला हात पोचत न्हाई.” वेदान्तावरची पुष्कळ प्रवचने मी ऐकली आहेत, देहाचा उपचार कोठवर जातो आणि कोठे थांबतो, हे इतक्या थोड्या शब्दांत सांगितलेले मला स्मरत नाही.

रंग धुऊन, केस टिपून झाल्यावर तिने वहिनींना समोर बसविले आणि घरची वहिवाट सांगितली. ती मी टिपून घेतली, कारण ती एखाद्या व्रताच्या नियमांसारखी नेमकी होती. पहिले तीन दिवस डोक्यास पाणी नाही, तेलही नाही. त्यानंतर आठवड्यातून दोनदाच न्हाणे, आणि बंबातले कढत पाणी डोक्यावर कधीच नाही. गार किंवा कोमट, कारण कढत पाण्याने कौले पुन्हा उघडतात आणि रंग मोरीतून वाहून जातो. बोअरचे पाणी जड असते, त्यातले क्षार केसावर बसून रंग मळकट आणि केस राठ करतात, म्हणून न्हाऊन झाल्यावर शेवटचे दोन तांबे फिल्टरच्या जारमधले घ्यावेत, पावसाळ्यात पागोळीचे धरले तर उत्तम. अंगाचा साबण आणि कपड्यांचा सोडा यांचा डोक्याशी संबंध तोडावा. सल्फेट नसलेला शांपू घ्यावा, तोही टाळूपुरता, केसांच्या लांबीवरून त्याचा फेस ओघळला तेवढा पुरे. कंडिशनर मात्र उलट, टाळू सोडून लांबीलाच, दोन-तीन मिनिटे. न्हाण्याच्या आदल्या रात्री खोबरेल लावावे. या सल्ल्यास शास्त्राचाही आधार आहे: न्हाण्यापूर्वी लावलेले खोबरेल केसात मुरते आणि धुताना होणारा प्रथिनांचा ऱ्हास कमी करते, असा निष्कर्ष मुंबईच्या दोन संशोधकांनी 2003 साली प्रसिद्ध केला, आमच्या आज्या ते प्रसिद्ध न करता करीत असत.

ओले केस पंचाने झटकू नयेत, जुन्या सुती लुगड्यात गुंडाळून टिपावेत. मोठ्या दाताच्या फणीने टोकाकडून वर वर सोडवीत जावे, मुळाकडून खाली ओढू नये. लिंबू पिळून वारंवार धुण्याचा उपाय शेजारणी सुचवतील, तो ऐकू नये. आंबटाने चकाकी येते खरी, पण अतिरेकाने केस कोरडे पडतात आणि रंग उडतो. वर बाजारची काळी मेंदी चुकूनही फासू नये, कारण काही पुड्यांत धातूंचे क्षार असतात आणि पुढच्या वेळच्या पेरॉक्साइडशी त्यांची गाठ पडली तर केस तापून तुटतात. “आन्‌ रानात जाताना पदर,” ती शेवटी म्हणाली, “उन्हानं रंग लई लवकर जातोय.” जो पदर शतकानुशतके मर्यादेकरिता डोक्यावर होता तो आता रंग टिकावा म्हणून डोक्यावर आला, हे ऐकून वहिनी पहिल्यांदाच मोकळ्या हसल्या. पाच-सहा आठवड्यांनी पुन्हा यावे, परंतु तेव्हा रंग फक्त नव्याने उगवलेल्या मुळांना लागेल. सबंध केसांना दर वेळी लावणे म्हणजे भरलेला सारा पुन्हा भरणे, त्याने केसाचे नुकसान तेवढे होते.

हे नियम वहिनींनी पाळले, आणि ते पाळताना पाहून आबांच्या नोटिशीचे उत्तर मला सापडले. मनुष्याचा केस महिन्यास सुमारे एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. पंधरवड्यात भांगाच्या दोन्ही बाजूंस बारीक चांदीची रेघ दिसू लागते, महिन्यात ती करंगळीच्या पेराच्या निम्मी होते. ज्याचे डोके पूर्ण पांढरे झाले आहे त्याला त्या पांढरेपणाची सवय होते, आणि सवय झालेली नोटीस कोणी वाचत नाही. ती कोनाड्यात पडून राहते. आबा स्वतः आरशापुढे क्वचितच उभे राहतात. परंतु केस रंगविणाऱ्यास ही सुटका नाही. मखादेवाच्या तळहातावर पांढऱ्या केसाचा दूत आयुष्यात एकदा आला. वहिनींच्या भांगात तो दर महिन्यास येतो, आणि स्वतःच्या हाताने, आरशात डोळा घालून, त्याची पोच द्यावी लागते. शाईने तारीख टळत नाही, हे आबांइतकेच त्यांनाही ठाऊक आहे. फरक इतकाच की आबांना ते एकदा कळले आणि वहिनींना ते वर्षातून दहा वेळा कळते. काळाशी भांडण मांडणारा मनुष्य इतक्या नियमाने त्याचा हिशेब ठेवीत नाही.

ज्याची निगा राखावी लागते त्याचा मालक कोण, हे सांगावे लागत नाही. वतनाचा हक्क त्यालाच, जो त्याची चाकरी करतो, हा आपल्या गावगाड्याचा जुना न्याय आहे. आणि ज्या केसांवर एकेकाळी कुटुंबाने, शास्त्र्यांनी आणि शेजाऱ्यांनी हक्क सांगितला त्यांतल्या एकानेही त्यांची चाकरी कधी केली नाही, त्यांस तेल लावले नाही, त्यांचा गुंता सोडविला नाही. केवळ निवाडा देणे हे त्यांचे काम होते. धर्माचा विचार मला जेवढा कळतो त्यावरून मी असे म्हणेन की रंगाच्या नळीत धर्मही नाही आणि अधर्मही नाही. तो दोन ठिकाणी पाहावा. ते डोके कोणाच्या इच्छेने रंगले, हे एक. आणि रंगल्यानंतर त्याची जबाबदारी कोणी पत्करली, हे दुसरे. दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच माणसाकडे बोट दाखवीत असेल तर तिसऱ्याने ओट्यावर बसून बोलण्यासारखे फारसे उरत नाही. आणि ज्या स्त्रियांना पांढरे केस तसेच मिरवावेसे वाटतात त्यांनाही हाच न्याय लागू आहे; त्यांच्यावर रंग लादणारी सून किंवा कचेरी ही जुन्या वस्तऱ्याचीच नवी आवृत्ती होय.

हे सारे मी आबांना सांगितले, अर्थात इतक्या विस्ताराने नव्हे. त्यांनी ऐकून घेतले, माळेवरचा हात क्षणभर थांबविला आणि विचारले, “म्हंजे म्हयन्याला पुन्यांदा पांढरं येतंच?” मी म्हटले, येतेच. “मग ठीक हाय,” ते म्हणाले, आणि विषय बदलून कालव्याच्या आवर्तनाकडे वळले. दुसरा आक्षेप त्यांनी त्या दिवशीही काढला नाही, मीही काढला नाही; तो अजून ओट्यावरच आहे. पण आषाढात पालखी यवतकडे जाताना गावच्या बायका पाणी घेऊन रस्त्याकडेला उभ्या राहिल्या, त्यांत या वर्षी वहिनी पुढच्या रांगेत होत्या. डोक्यावर पदर होता आणि भांगात अर्ध्या पेराची पांढरी रेघ, कारण त्यांची पार्लरची तारीख पुढच्या आठवड्यात होती.